मडगावचं विमान, परक्यांचं आभाळ : नोंदणी-पोर्टलांचा पंचनामा

गोव्यातून परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेत काजू, कोकम आणि बेबिंका असतेच. हल्ली एखाद्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या हौशी विमानाचा, दोन तुकड्यांत सोडवलेला फोमचा पंखही असतो. लेक टेक्सासला, भाऊ ब्रिटनमधल्या स्विंडनला, मामेभाऊ लिस्बनला, आणि हाताशी महिनाभराची सुटी. विमान तिथवर पोचवणं जमतं. ते तिथे कायदेशीरपणे उडवणं हा वेगळा खटाटोप आहे, आणि तो त्या त्या देशाच्या नोंदणी-पोर्टलवरच उरकावा लागतो. या पोर्टलांकडे इथे एक सेवा म्हणून पाहिलं आहे. परक्या हौशी माणसाला दार उघडतं का, खर्च किती, नेमकं कुठे अडतं, आणि हातात पडलेल्या कागदाचा उपयोग काय, एवढंच तपासायचं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो. प्रत्येक खिडकी वेगळा प्रश्न विचारते. अमेरिका पाहते तुम्ही नागरिक आहात की कायम रहिवासी, आणि दोन्ही नसलात तरी आत घेते. कॅनडाही तेच पाहतो, पण दार लावून घेतो. युरोपला पासपोर्टाशी देणंघेणं नाही, तुम्ही राहता कुठे ते हवं. ब्रिटन पाहतं ते विमानाचं वजन आणि त्यावर कॅमेरा आहे का. 'आपला पोर्तुगीज पासपोर्ट आहे, मग सगळीकडे चालेल' हा गोव्यात हमखास ऐकू येणारा समज इथेच गळून पडतो.

अमेरिका : एफएए ड्रोनझोन

एफएए म्हणजे अमेरिकेचं विमान प्राधिकरण, आणि ड्रोनझोन हे त्याचं नोंदणी-पोर्टल. पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो भाषेसाठी, त्याबद्दल पुढे येईलच.

विमान बॅटरीसकट, म्हणजे उड्डाणाच्या क्षणी, २५० ग्रॅम किंवा कमी असेल आणि तुम्ही निव्वळ हौसेसाठी उडवत असाल, तर नोंदणी लागत नाही. त्याहून जड आणि २५ किलोच्या आत असेल तर लागते. मीटरभर पंखांचं फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, सर्वसाधारणपणे पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे आरसी विमानवाल्यांची या जाचातून सुटका जवळजवळ नाहीच. २४९ ग्रॅमचे छोटे कॅमेरा-ड्रोन मात्र सुटतात, पण मूळ बॅटरी असेल तरच. जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी घातली की तोच ड्रोन २५० च्या वर जातो आणि नोंदणीच्या कक्षेत येतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बॅटरी लावून एकदा ठेवून पाहा.

फी पाच डॉलर, मुदत तीन वर्षं. हौशी गटात नोंदणी माणसाची होते, विमानाची नाही. एकच नंबर तुमच्या सगळ्या विमानांना चालतो, मग ती दोन असोत की वीस. व्यावसायिक गटात, म्हणजे पार्ट १०७ खाली, दर विमानाला स्वतंत्र पाच डॉलर पडतात. पोर्टल सुरुवातीलाच या दोन गटांपैकी एक निवडायला सांगतं. घाईत चुकीचा गट निवडला तर तो नंतर बदलता येत नाही, पुन्हा नव्याने नोंदणी करून पाच डॉलर भरावे लागतात. 'हौशी' याचा अर्थ अमेरिकेत कडक आहे. मेहुण्याच्या हॉटेलचं वरून चित्रीकरण फुकटात करून दिलंत तरी ते धंद्याच्या उपयोगाचं काम धरलं जातं आणि हौशी सवलत जाते.

आता परक्या माणसाचा मुद्दा. तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसाल, तर याच पोर्टलवर हाच फॉर्म भरून जे प्रमाणपत्र मिळतं त्याला एफएए 'विमानाची नोंदणी' मानत नाही, 'मालकीची मान्यता' मानते. एच-१बी वर असलेला इंजिनियर, एफ-१ वरचा विद्यार्थी आणि बी-२ वर आलेले आईवडील, तिघेही याच पंगतीत. मैदानावर काहीच फरक पडत नाही. पाच डॉलर तेच, विमानावर लिहायचा नंबर तोच, पोलिसाने मागितला तर दाखवायचा कागदही तोच. पण हे पोर्टलवर ठळकपणे, सोप्या शब्दांत लिहायला हवं होतं. 'मालकीची मान्यता' वाचून माणूस घाबरतो आणि 'माझी नोंदणी नाकारली' असं समजून दुसऱ्या गटातून पुन्हा अर्ज करतो. एक तारा कापला तो यासाठी.

फॉर्म भरताना नाव पासपोर्टाबरहुकूम घाला. मराठी पासपोर्टांत वडिलांचं नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडून येतं. ते मधल्या नावाच्या रकान्यात ढकलायचं की पहिल्या नावातच ठेवायचं, याचा फार विचार करू नका, फक्त सगळीकडे एकसारखं ठेवा. पासपोर्टावर एकच नाव असेल तर अमेरिकन व्हिसावर ते आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापलेलं असतं. अशांनी व्हिसाप्रमाणे भरावं. पत्त्याचं दुखणं खास गोव्याचं आहे. 'घर नं. ११७/अ, देवळाजवळ, खालचा वाडा' हा पत्ता पोस्टमनला पाठ असतो, पण परदेशी फॉर्मला रस्त्याचं नाव हवं असतं. पहिल्या ओळीत घर नंबर आणि वाडा, दुसऱ्या ओळीत गाव आणि तालुका, शहराच्या जागी म्हापसा किंवा मडगाव, आणि सहा आकडी पिन. तिरकी रेघ आणि स्वल्पविराम टाळलेले बरे.

पैसे भरताना दोन गोष्टी आड येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मार्च २०२० पासून भारतीय कार्डं मुळात देशातल्या व्यवहारांपुरतीच चालू असतात. परदेशी ऑनलाइन व्यवहाराचं बटण बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः चालू करावं लागतं. हे मडगावात बसून करा. ह्यूस्टनला पोचल्यावर ओटीपी गोव्यातल्या बंद सिमवर जातो आणि पाच डॉलरसाठी घरच्यांना रात्री दोन वाजता उठवायची पाळी येते. दुसरी गोष्ट, गुगलवर शोधलं की ड्रोन-नोंदणी करून देणारी खाजगी संकेतस्थळं आधी दिसतात आणि पाच डॉलरच्या कामाला कैकपट पैसे मागतात. खरं पोर्टल एफएएचं आहे आणि त्याच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह'ने होतो. शेवट 'डॉट कॉम' दिसला की मागे फिरा.

नंबर मिळाला की तो विमानाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर दिसेल असा लावायचा. पूर्वी बॅटरीच्या कप्प्यात चालत असे. २५ फेब्रुवारी २०१९ पासून ते बंद झालं, कारण सापडलेलं विमान उघडायला जाणाऱ्याच्या हातात आत काय येईल याची सुरक्षा यंत्रणांना धास्ती होती. जुने व्हिडिओ बघून आजही लोक झाकणाच्या आत स्टिकर लावतात.

लावायचा कसा, यावर दोन शब्द खर्च करण्यासारखे आहेत. बाल्सा लाकडाच्या विमानावर चढवलेल्या फिल्मवर पर्मनंट मार्करने नंबर लिहिला तर तो दिसतो छान, पण ग्लो इंजिनचं इंधन म्हणजे मेथॅनॉल. उड्डाणानंतर तेलकट पोट पुसायला फडकं फिरवलं की नंबरातले शेवटचे दोन आकडे फडक्यावर. इंकजेट प्रिंटरवर काढलेला कागदी स्टिकर गोव्याच्या पावसाळ्यात लावला असेल तर विमान मोपाच्या विमानतळापर्यंत पोचायच्या आतच त्याच्या कडा सुटलेल्या असतात. लेबल-मशीनच्या प्लास्टिक टेपवर छापा, ती फ्युजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, लावा, वरून चारही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर बाहेर येईल अशी पारदर्शक टेप दाबा. पंखावर लावू नका, पंख मोडतो आणि बदलला जातो. झाकणावर लावू नका, झाकण हवेत उडून जातं.

नोंदणीबरोबर ट्रस्ट नावाची परीक्षा आहे. ती हौशी गटातल्या सगळ्यांना लागू आहे, परक्यांनाही आणि २५० ग्रॅमच्या आतल्या विमानवाल्यांनाही. फुकट आहे, घरबसल्या अर्ध्या तासात होते, आणि चुकलेलं उत्तर तिथल्या तिथे सुधारता येतं, त्यामुळे नापास व्हायची सोयच नाही. खरी अडचण नंतरची. परीक्षा घेणाऱ्या संस्था तुमचा निकाल साठवून ठेवत नाहीत. प्रमाणपत्र त्याच क्षणी उतरवून घेतलं नाही तर परीक्षा पुन्हा. त्याला मुदत नाही, म्हणून एकदा उतरवलेला पीडीएफ ईमेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवावा.

मग येतो रिमोट आयडी, आणि इथे भलेभले अडखळतात. नोंदणी लागणाऱ्या विमानाने हवेत असताना आपली ओळख रेडिओवरून सांगत राहायची, हा नियम १६ सप्टेंबर २०२३ पासून आहे आणि १६ मार्च २०२४ पर्यंत दिलेली सवलतही संपली. तयार ड्रोनमध्ये तो आतच असतो. आरसी विमानाला वेगळं मॉड्यूल चिकटवावं लागतं. हौशी गटात एकच मॉड्यूल या विमानातून त्या विमानात हलवता येतं, मात्र त्याचा सीरियल नंबर ड्रोनझोनच्या खात्यात भरलेला असला पाहिजे. लोक भरतात खोक्यावरचा भलताच नंबर, किंवा ट्रान्समीटरचा, म्हणजे हातातल्या रिमोटचा. रिमोट आयडीचा सीरियल ओळखायला सोपा आहे. पहिली चार अक्षरं उत्पादकाची, पाचवं पुढच्या भागाची लांबी सांगणारं, आणि सगळं मिळून जास्तीत जास्त वीस. त्यात इंग्रजी 'ओ' आणि 'आय' ही अक्षरं कधीच नसतात. तुम्हाला 'ओ' दिसतोय तो शून्य आहे, 'आय' वाटतोय तो एक. पोर्टल सीरियल स्वीकारत नाही अशी तक्रार असली की आधी हेच पाहावं.

मॉड्यूल घ्यायचं नसेल तर दुसरी वाट म्हणजे 'फ्रिया', एफएएने मान्य केलेली ठरावीक मैदानं. यातली पुष्कळशी आरसी क्लबांची आहेत. तिथे मैदानाच्या हद्दीत आणि नजरेच्या टप्प्यात उडवलं तर रिमोट आयडी लागत नाही. नोंदणी मात्र लागतेच, ही दोन सूत्रं एकमेकांत गुंतवू नका. महिनाभरासाठी जाणाऱ्याला आमची शिफारस हीच. नव्या मॉड्यूलवर पैसे घालण्यापेक्षा नातेवाइकांच्या घराजवळचं फ्रिया नकाशावर शोधा आणि क्लबच्या सचिवाला आधी ईमेल टाका. बहुतेक क्लब एएमएशी, म्हणजे १९३६ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या आरसी संघटनेशी जोडलेले असतात. पाहुण्याला विमा किंवा तात्पुरतं सदस्यत्व लागेल का, हे प्रत्येक क्लब आपापलं ठरवतो.

नियंत्रित हवाई हद्दीबाहेर उंचीची मर्यादा ४०० फूट. विमानतळाजवळच्या हद्दीत उडवायचं तर लान्स नावाची सोय आहे. ॲपमध्ये नकाशावरचा चौकोन दाबायचा, त्यावर लिहिलेल्या फुटांच्या आत उंची मागायची, की मंजुरी बहुधा काही सेकंदांत येते. दाबोळीच्या नौदलाच्या तळाजवळ वाढलेल्या माणसाला हे खोटंच वाटेल. चौकोनात शून्य लिहिलं असेल तर मात्र त्या चौकोनाचा नाद सोडायचा.

नातेवाईक हटकून जिथे नेतात ती ठिकाणं नेमकी बंद आहेत. ग्रँड कॅनियनसकट राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन आणि आरसी विमानं उडवायला बंदी आहे, आणि वॉशिंग्टन शहराभोवती रेगन विमानतळापासून १५ मैलांच्या वर्तुळात काहीही उडवता येत नाही. नोंदणीच केली नाही तर दिवाणी दंड २७,५०० डॉलरपर्यंत, आणि फौजदारीत २,५०,००० डॉलरपर्यंत दंड व तीन वर्षांपर्यंत कैद. हौशी पाहुण्यावर कोणी एवढं लावत बसणार नाही, पण पुढच्या व्हिसाच्या फॉर्मवर असलं काही लिहायची वेळ कशाला आणायची?

युरोपीय संघ : नोंदणी एक, देश सत्तावीस

साडेतीन तारे. रचना उत्तम, पण प्रत्येक देशाचं पोर्टल वेगळं आणि स्वभावही वेगळा.

३१ डिसेंबर २०२० पासून २०१९/९४७ हा नियम सगळ्या सदस्य देशांत लागू आहे, आणि नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन व स्वित्झर्लंडही त्यात आले आहेत. नोंदणी 'ऑपरेटर'ची, म्हणजे पुन्हा माणसाचीच. वजन २५० ग्रॅम किंवा जास्त असेल तर लागते. त्याहून हलक्या यंत्रावर कॅमेरा असेल आणि ते खेळणं म्हणून विकलेलं नसेल, तरीही लागते. म्हणजे अमेरिकेत सुटणारा २४९ ग्रॅमचा ड्रोन इथे अडकतो.

कुठल्या देशात नोंदायचं? युरोपात राहत असाल तर राहत्या देशात. बाहेर राहत असाल तर ज्या देशात पहिलं उड्डाण करणार त्या देशात. इथे गोंयकारांनी थांबून विचार करावा. लिस्बनमध्ये जन्मनोंद झाली, पोर्तुगीज पासपोर्ट हातात आहे, पण घर मडगावात आणि पहिलं उड्डाण म्युनिकजवळच्या मैदानावर, तर नोंदणी जर्मनीत. तोच पासपोर्ट घेऊन लिस्बनमध्ये भाड्याने राहत असाल तर पोर्तुगालमध्ये. आणि स्विंडनमध्ये स्थायिक असाल तर तुम्ही युरोपच्या दृष्टीने बाहेरचे, मग पुन्हा पहिल्या उड्डाणाचा देश. दोन देशांत एकाच वेळी नोंदणी करता येत नाही. एकदा झाली की ती बाकीच्या सगळ्या देशांत चालते.

हातात येतो तो नंबर सोळा अक्षरांचा. पुढची तीन अक्षरं देशाची, मग बारा, आणि शेवटचं एक तपासणीचं. त्यानंतर आडवी रेघ आणि आणखी तीन अक्षरं येतात. ही शेवटची तीन गुप्त. ती रिमोट आयडी यंत्रात नंबर भरताना लागतात, म्हणजे यंत्राला कळतं की नंबर खराच तुमचा आहे. स्टिकरवर ती छापायची नसतात. एटीएम कार्डावर मागे पिन लिहून ठेवण्यासारखंच ते. तरी छापलेली सर्रास दिसतात.

२५० ग्रॅमच्या वरच्या विमानांसाठी ए१/ए३ या उड्डाण-गटांची ऑनलाइन परीक्षा आहे. चाळीस प्रश्न, ७५ टक्के, म्हणजे तीस बरोबर हवेत. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. ही अमेरिकेच्या ट्रस्टसारखी लुटुपुटूची नाही, एक संध्याकाळ अभ्यासाला द्यावी. उंची १२० मीटर. घरी बांधलेलं किंवा वर्गाचं लेबल नसलेलं २५० ग्रॅमच्या वरचं विमान ए३ मध्ये येतं, म्हणजे वस्ती, बाजार आणि कारखान्यांपासून १५० मीटर दूर, आणि आसपास संबंध नसलेली माणसं नकोत. गॉगल लावून एफपीव्ही, म्हणजे विमानावरच्या कॅमेऱ्याच्या नजरेतून, उडवणार असाल तर शेजारी नुसत्या डोळ्यांनी पाहणारा माणूस उभा हवा.

आरसी विमानवाल्यांसाठी खरी सोय याच नियमाच्या कलम १६ मध्ये आहे. देशाच्या विमान प्राधिकरणाने क्लबला किंवा संघटनेला परवानगी दिली असेल तर तिच्या अटींवर उडवता येतं, आणि त्या अटी सामान्य नियमांपेक्षा बहुधा सैल असतात. ग्लायडरवाल्यांना उंचीत याचा फार फायदा होतो. त्यासाठी क्लबच्या यादीत नाव असावं लागतं, तेव्हा इथेही ईमेल आधी.

विम्याचं गणित देशागणिक बदलतं. जर्मनीत तृतीय पक्षाचा विमा सगळ्यांना सक्तीचा. पोर्तुगालमध्ये ९०० ग्रॅमच्या वर. भारतात काढलेला प्रवास विमा यात धरला जाईल असं गृहीत धरू नका, पॉलिसीत 'मॉडेल विमान' हे शब्द शोधा. पोर्तुगालमध्ये आणखी एक पाचर आहे. नोंदणी एएनएसी या तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाकडे होते, पण हवेतून चित्रण करायचं तर राष्ट्रीय हवाई प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते. नुसतं आरसी ट्रेनर उडवणाऱ्याला ती नको. बेलेंच्या मनोऱ्याचा व्हिडिओ काढायचाय त्याला हवी. आणि लिस्बनहून मोरोक्कोला चार दिवस जाऊन यायचा बेत असेल तर ड्रोन लिस्बनलाच ठेवून जा. मोरोक्कोत तो आत नेता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात.

पोर्टलपलीकडची एक अडचण इथेच सांगून टाकू, कारण मैदानावर पोचल्यावरच ती कळते. युरोपात विकल्या जाणाऱ्या काही २.४ गिगाहर्ट्झ ट्रान्समीटरांत 'एलबीटी' प्रणाली असते, अमेरिकेकडच्यांत 'एफसीसी'. काही कंपन्यांचे विमानातले रिसीव्हर एका प्रणालीवरून दुसऱ्या प्रणालीच्या ट्रान्समीटरशी बाइंडच होत नाहीत, म्हणजे जोडलेच जात नाहीत. इथून फक्त विमान न्यायचं आणि तिथे भावाचा ट्रान्समीटर वापरायचा, असा बेत असेल तर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हींचं फर्मवेअर निघण्याआधी जुळवून घ्या. एफपीव्हीचा ५.८ गिगाहर्ट्झचा व्हिडिओ ट्रान्समीटरही युरोप आणि ब्रिटनमध्ये २५ मिलिवॉटवर आणून ठेवा.

ब्रिटन : सीएए

सीएए हे ब्रिटनचं विमान प्राधिकरण. साडेचार तारे. सगळ्यांत साध्या भाषेतलं पोर्टल. फक्त दोन आयडींचा गोंधळ सांभाळा.

फ्लायर आयडी म्हणजे उडवणाऱ्याचा. फुकट, चाळीस प्रश्न, तीस बरोबर, पाच वर्षं. ऑपरेटर आयडी म्हणजे विमानाची जबाबदारी घेणाऱ्याचा. त्याला वर्षाला बारा पौंडांच्या आसपास पडतात, आणि तो अठरा वर्षांवरील व्यक्तीलाच मिळतो. १ जानेवारी २०२६ पासून मर्यादा खाली आली. १०० ग्रॅम किंवा जास्त वजनाचं काहीही उडवायचं तर फ्लायर आयडी हवा. १०० ग्रॅमच्या वर आणि कॅमेरा असेल, किंवा कॅमेरा नसूनही २५० ग्रॅम भरत असेल, तर ऑपरेटर आयडीही. पाहुण्यांना सूट नाही, आणि युरोपातली नोंदणी इथे चालत नाही. लिस्बनच्या नोंदणीवर स्विंडनला उडवायला जाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

विमानावर लावायचा तो ऑपरेटर आयडी, 'जीबीआर-ओपी'ने सुरू होणारा. 'जीबीआर-आरपी' हा फ्लायर आयडी, तो विमानावर लावायचा नाही. अक्षरं मोठ्या लिपीतली, तीन मिलिमीटरपेक्षा उंच. इथे अमेरिकेच्या उलट, हत्याराशिवाय उघडणाऱ्या कप्प्यात लावलं तरी चालतं. अमेरिका आणि ब्रिटन एकाच दौऱ्यात उरकणाऱ्याने दोन्ही स्टिकर बाहेरच लावून टाकावेत, डोक्याला ताप नको. बीएमएफएसारख्या मॉडेल-विमान संघटनांना इथेही कलम १६ ची परवानगी आहे.

बाकीचे, पटापट

कॅनडा : एक तारा, तोही नकार स्पष्ट शब्दांत देतात म्हणून. नागरिक किंवा कायम रहिवासी नसाल तर २५० ग्रॅमच्या वरचं यंत्र नोंदताच येत नाही. खास परवानगीचा, एसएफओसीचा अर्ज करावा लागतो, आणि सुटीवर आलेल्या माणसाच्या हौसेला तो झेपत नाही. टोरांटोला जाताना २५० ग्रॅमच्या आतलं काहीतरी न्यावं, त्याला नोंदणीही नाही आणि परीक्षाही नाही.

सिंगापूर : २५० ग्रॅमच्या वर नोंदणी आणि विमानावर लेबल, दीड किलोच्या वर प्रशिक्षणही. उंची जेमतेम २०० फूट, विमानतळांपासून पाच किलोमीटर दूर. एवढ्याशा बेटावर पाच किलोमीटरची वर्तुळं काढली की शिल्लक काय राहतं ते नकाशावर पाहा आणि मगच विमान बॅगेत भरा.

ऑस्ट्रेलियात हौशी माणसाला नोंदणी नाही. १२० मीटर उंची, माणसांपासून ३० मीटर अंतर, आणि २५० ग्रॅमच्या वरचं यंत्र असेल तर नियंत्रित विमानतळापासून साडेपाच किलोमीटर, या मुख्य अटी.

निघताना आणि परतताना

लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीही नाहीत. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. ३एस २२०० ची, म्हणजे तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-तासांची, बॅटरी ११.१ गुणिले २.२, म्हणजे २४.४ वॉट-तास, हिला कोणी हरकत घेत नाही. ६एस ५००० ची भरते १११. शंभरच्या वर गेली की विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि १६० पर्यंतच्या अशा दोनच नेता येतात. त्याहून मोठी प्रवाशाला नेताच येत नाही. प्रत्येकीच्या टोकांवर टेप लावून वेगळ्या पिशवीत ठेवा. कव्हरवर वॉट-तास छापलेले नसतील तर सुरक्षा तपासणीत वाद होतो, म्हणून पेनने लिहून ठेवण्यापेक्षा छापील आकडा असलेल्याच बॅटऱ्या न्या. ग्लो इंधन कुठल्याच बॅगेत चालत नाही, आणि इंधनाचा वास येणारं वापरलेलं इंजिनही काउंटरवर परत करतात.

सगळ्यांत महाग पडणारी चूक परदेशात होत नाही, परतताना होते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार किंवा सुट्या स्वरूपातले ड्रोन आयात करायला बंदी आहे, आणि बॅगेतून आणलेला ड्रोनही कस्टमला जाहीर करावा लागतो. तेव्हा परदेशात स्वस्त मिळाला म्हणून ड्रोन घेऊन येऊ नका. आणि इथून नेलेला असेल तर तो इथलाच आहे याचा पुरावा जाताना तयार करा. त्याला एक्स्पोर्ट सर्टिफिकेट म्हणतात. ते देश सोडताना, आंतरराष्ट्रीय विमानतळावरच्या कस्टमकडून, बॅग काउंटरवर देण्याआधी घ्यायचं असतं. मोपाहून मुंबईमार्गे जात असाल तर ते मुंबईला. मोपावर बॅग थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग केली तर मुंबईच्या अधिकाऱ्याला दाखवायला हातात विमानच उरत नाही. विमान केबिन बॅगेत ठेवा, नाहीतर बॅग मुंबईपर्यंतच बुक करा.

बिल आणि सीरियल नंबर असलेल्या ड्रोनला हा कागद लगेच मिळतो. घरी बांधलेल्या विमानाला सीरियल कुठला? मग वर्णन लिहून न्यावं, दोन प्रती, फोटोसकट. 'आरसी विमान, फोम, निळे-पांढरे, पंख १.२ मीटर, दोन तुकड्यांत. मोटर व ट्रान्समीटरचे नंबर असे असे.' एक प्रत शिक्का मारून परत घ्या आणि पासपोर्टात ठेवा. परतल्यावर रेड चॅनेलवर तोच कागद पुढे करायचा. विमानावर चिकटलेला अमेरिकेचा 'एफए'ने सुरू होणारा नंबर बघून कस्टमवाल्याने 'हे तिकडून आणलंय' म्हटलं, तर त्याच्यापुढे चालणारं उत्तर तेवढं एकच आहे.